कुत्र्या-मांजरांचा ताप: थर्मामीटरवरचा आकडा खरा कधी मानायचा?

निवारा_मदतनीस (विदर्भ):

नमस्कार. आमच्या निवाऱ्यात साधारण चाळीस कुत्री आणि पंधरा मांजरं आहेत. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. बाकीच्या दिवशी ताप बघायचा आणि फोनवर आकडा कळवायचा, हे काम मदतनिसांकडे असतं. आकडे कळवले जातात, पण त्यांच्यावर भरवसा किती ठेवायचा हेच कळेनासं झालंय.

एकाच कुत्र्याचा ताप पाच मिनिटांच्या अंतराने एकदा १०१.२ आणि एकदा १०३ येतो. मांजर पिंजऱ्यातून काढलं की हमखास १०३ च्या वर. कपाळासमोर धरायची बंदूक देणगीत मिळालीय, ती प्रत्येक जनावराला ९६-९७ दाखवते. नसबंदीनंतर शुद्धीवर येणाऱ्या कुत्र्यांना थर्मामीटर लावला की नुसतं 'एल' येतं. आणि १०४ दिसला की ओला टॉवेल टाकायचा की गोळी द्यायची, यावरून दर वेळी वाद.

मोजायची नेमकी पद्धत आणि आकडा वाचायचा कसा, दोन्ही हवंय. फॅरेनहाइटमध्ये सांगा, आमचे थर्मामीटर तेच दाखवतात.

ओपीडी_परिचर:

बंदूक आधी बाजूला ठेवा. ती माणसाच्या उघड्या कातडीसाठी बनवलेली आहे. जनावराच्या अंगावर ती केसांच्या टोकांचं तापमान वाचते, शरीराचं नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या आतल्या बिनकेसांच्या जागी धरली तरी कातडीखालचा रक्तपुरवठा, ओलावा, पंख्याचा वारा यांनी आकडा हलतो.

गुदद्वारातून साध्या डिजिटल थर्मामीटरने घेतलेला ताप हाच रोजच्या कामाचा आधार. टोक लवचिक असलेला घ्या, कुत्रं अचानक बसलं तर इजा होत नाही. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर निवाऱ्यात नकोच. तो आत तुटला तर काच आणि पारा दोन्हींचं संकट.

मोजण्याआधी लांबूनच श्वास मोजून घ्या, म्हणजे जनावराला हात लावण्यापूर्वीचा आकडा हाती राहतो. मग ताप. रक्त काढणं, इंजेक्शन, जखम साफ करणं हे सगळं त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर झटापटीची उष्णता तुमच्या आकड्यात मिसळते.

कुत्रं उभं असू द्या. एकाने एक हात मानेखालून आणि दुसरा पोटाखालून घालून त्याला आपल्या छातीशी धरायचं. पोटाखालचा हात महत्त्वाचा, तोच त्याला बसू देत नाही. थर्मामीटरला प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर जेली. शेपटी मुळाशी धरून उचला, टोकाला धरून ओढू नका. थर्मामीटरचं टोक गुदद्वाराला नुसतं टेकवून एक-दोन सेकंद थांबा. आवळलेला स्नायू सैल झाल्याचं बोटांना कळतं. मग हलकेच फिरवत आत. मांजर आणि लहान कुत्र्याला एक ते दोन सेंटिमीटर, मध्यम-मोठ्या कुत्र्याला तीन ते पाच. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

आता तुमच्या १०१.२ आणि १०३ चं उत्तर. आत गेल्यावर थर्मामीटर किंचित तिरपा करून टोक आतड्याच्या भिंतीला टेकवावं लागतं. ते शीच्या गोळ्यात रुतलं तर तो गोळा हळू तापतो आणि आकडा खरा येत नाही. बाहेर काढल्यावर टोक पूर्ण माखलेलं असेल तर तो आकडा लिहू नका, पुसून शेजारच्या बाजूला टोक वळवून पुन्हा घ्या. एनिमा दिल्यावर किंवा बोट घालून तपासणी झाल्यावर आत हवा-पाणी जातं, तेव्हाही आकडा कमी येतो. अर्धा तास थांबा.

दुसरं कारण बीप. आकडा चढण्याचा वेग मंदावला की यंत्र 'झालं' म्हणतं. बरेच थर्मामीटर त्यानंतरही थोडे चढतात. बीपनंतर आणखी अर्धा मिनिट तसाच धरून मग वाचा. आणि ज्या हातात थर्मामीटर त्याच हाताने शेपटीचं मूळही धरा, म्हणजे कुत्रं हललं तरी दोन्ही एकत्र हलतात.

थर्मामीटरच बिघडलाय का, हे महिन्यातून एकदा बघा. मगमध्ये अंगाला उबदार लागेल इतकं पाणी, १०१-१०२ च्या आसपास, त्यात सगळे थर्मामीटर एकत्र धरून पाणी ढवळत राहा. बाकीच्यांपेक्षा ०.४ अंशाहून जास्त फरक दाखवणारा काढून टाका. सेल उतरत आला की आकडे आधी भरकटतात आणि मग पडदा बंद होतो.

स्वच्छतेबद्दल एकच, पण जपून वाचा: स्पिरिटने पार्व्होचा (पिल्लांना जीवघेणी हगवण-उलटी लावणारा) विषाणू मरत नाही. हगवण-उलटीच्या पिल्लांचा थर्मामीटर वेगळा ठेवा, त्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, आणि तो खोलीबाहेर आणू नका. बाकीच्यांचा आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसा. घाण तशीच ठेवून स्पिरिट फिरवण्याला अर्थ नाही.

लघुप्राणी_चिकित्सक:

पद्धत वर नीट सांगितली आहे. मी आकड्याकडे येतो.

प्रौढ कुत्र्याचा स्वाभाविक ताप (म्हणजे निरोगी अंगाचं तापमान) साधारण १०१ ते १०२.५ आणि मांजराचा १००.५ ते १०२.५. म्हणजे आपल्या ९८.६ च्या सवयीने बघितलं तर प्रत्येक निरोगी कुत्रं तापलेलं वाटेल. नाक कोरडं, कान गरम, यावरून काहीच ठरत नाही. उन्हात झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं, आणि ताप चढत असताना तर कान गार लागतात.

१०२.५ ते १०३.५ हा पट्टा सर्वांत फसवा. गाडीतून आणलेलं, भुंकून दमलेलं, घाबरलेलं जनावर सहज इथे येतं. मांजर तर नुसत्या भीतीने १०३ च्या पुढे जातं. त्याला पिंजऱ्यातच ठेवा, वरून चादर टाका, कुत्र्यांच्या आवाजापासून दूर शांत खोलीत वीस-तीस मिनिटं राहू द्या आणि मग मोजा. दुसरा आकडा १०२.५ च्या आत आला तर पहिला भीतीचा होता. तसाच राहिला किंवा वाढला तर ताप खरा समजा. १०४ च्या वरचा आकडा मात्र भीतीवर ढकलू नका. मांजराला खरा ताप असेल तर अंगावर हात फिरवून खपल्या शोधा. शेपटीचं मूळ, पाय, गाल. भांडणातल्या दाताच्या टोचणीवर कातडी दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठतो. बाहेर दिसते फक्त केसांची चिकटलेली बट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंग गरम असणं दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हींचा उपचार एकमेकांच्या उलट.

पहिला खरा ताप. जंतू, गोचिडाचे परजीवी, सूज, काही कर्करोग यांमुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधला 'किती गरम राहायचं' हा ठोकताळाच वर सरकतो. त्यात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे शरीरातलं रसायन हा दुवा असतो, म्हणून त्याची निर्मिती रोखणारी औषधं हा ताप उतरवतात. दुसरा प्रकार उष्माघाताचा. इथे ठोकताळा जागेवरच असतो, पण उष्णता बाहेर पडत नाही किंवा आत जास्त तयार होते: ऊन, बंद गाडी, लांबलेली फिट, पग-बुलडॉगसारख्यांची अडलेली श्वासनलिका. इथे तापाची गोळी निरुपयोगी, कारण बिघाड त्या दुव्यात नाहीच.

ओळखायचं कसं? जनावराकडे नीट बघा. ताप चढणारं कुत्रं अंग चोरून, पाय पोटाशी घेऊन गुंडाळून पडतं, उबेची जागा शोधतं, कधी थरथरतं, पंजे गार असतात. उष्णता न मावणारं कुत्रं पाय पसरून गार फरशीला पोट चिकटवतं, तोंड उघडं, जीभ रुंद होऊन बाहेर, धाप थांबत नाही, लाळ घट्ट, हिरड्या लाल. पहिल्याला ओला टॉवेल टाकलात तर त्याचं शरीर ठोकताळा गाठायला आणखी थरथरणार. त्याला त्रास, तुम्हाला फायदा शून्य. दुसऱ्याला पाणी हाच जीव वाचवणारा उपाय.

खरा ताप १०६ च्या वर क्वचित जातो. १०६ पलीकडचा आकडा दिसला की जंतूंआधी उष्णतेचा विचार करा. आणि १०३.५-१०४.५ चा खरा ताप स्वतःहून जीवघेणा नसतो. तो लगेच उतरवण्यापेक्षा तो का आलाय हे शोधणं निकडीचं.

गोळीबद्दल स्पष्टच सांगतो, इथे वाद नको.

मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही. ते पचवून बाहेर टाकायची यकृतातली वाट मांजरात जवळजवळ नसतेच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराला म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम, जीव घ्यायला पुरेशी. हिरड्या चॉकलेटी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या. आयब्युप्रोफेन कुत्र्यांनाही नको, जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात.

जनावरांसाठीची दाहशामक औषधंसुद्धा फोनवर विचारल्याशिवाय नकोत. पाणी कमी झालेल्या, उलट्या करणाऱ्या जनावरात ती मूत्रपिंडावर जातात. गोचीडतापात प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात, तिथे रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि कपाट एकदा तपासा. डायक्लोफेनॅक २००६ पासून, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून, निमेसुलाइड डिसेंबर २०२४ पासून जनावरांसाठी बंद आहे. मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं या औषधांनी निकामी होतात. निवाऱ्याच्या कपाटात जुन्या पट्ट्या उरलेल्या असतात, त्या काढून टाका.

मांजरपालक_ठाणे:

आमचं मांजर मागून हात लावू देत नाही. काखेत मोजून एक अंश मिळवायचा, असं वाचलंय. ते चालतं ना?

लघुप्राणी_चिकित्सक:

मिळवणी करू नका. काखेतला आकडा गुदद्वारापेक्षा साधारण एक-दोन अंशांनी कमी येतो हे खरं, पण तो फरक ठरलेला नसतो. जाड, बारीक, केसाळ, गार पायांचं जनावर, प्रत्येकात तो बदलतो. 'काखेत १०१.८' असं जसंच्या तसं लिहा. काखेत १०३ आला तर ताप आहे, यात शंका नाही. काखेत १०१ आला तर 'ताप नाही' असं म्हणता येत नाही, इतकंच. आणि दर वेळी त्याच काखेत, केस बाजूला सारून, पाय अंगाशी दाबून धरून मोजलंत तर कालच्यापेक्षा आज चढ आहे की उतार, हे मात्र चांगलं कळतं.

कानाचं म्हणाल तर माणसाचा कानाचा थर्मामीटर कुत्र्या-मांजरात पडद्यापर्यंत बघूच शकत नाही. त्यांची कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आत वळते. जनावरांसाठीचा लांब टोकाचा मिळतो, पण त्यालाही मळ, केस आणि कान पिकणं आड येतं. दोन कानांत दोन आकडे आले तर जास्तीचा धरा, आणि पिकलेला कान वगळा.

गुदद्वारातून मोजूच नये अशाही वेळा आहेत: तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर (आधी ऑक्सिजन, आकडा नंतर), गुदग्रंथीचा फोड, बाहेर आलेलं आतडं, त्या भागातली ताजी शस्त्रक्रिया, अंगावर रक्ताचे ठिपके दिसणारं कुत्रं. आणि भटक्या कुत्र्याचं वागणं अचानक बदललंय, लाळ गळतेय, आवाज बसलाय, गिळता येत नाहीये, अशा वेळी थर्मामीटर घेऊन जवळ जाऊच नका. रेबीजची शंका असलेल्या जनावराचा ताप कळून उपचारात काही बदलत नाही, पण मदतनिसाचा जीव जाऊ शकतो. निवाऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचं रेबीजचं पूर्वलसीकरण झालेलं असलंच पाहिजे.

निवारा_मदतनीस (विदर्भ):

खूप उपयोगी. दोन गोष्टी आणखी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ सेल्सिअसच्या पुढे जातो. उष्माघाताचं कुत्रं आलं तर किती गार करायचं, बर्फ चालतो का? आणि गोचीडतापाच्या कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केल्यावर ताप किती दिवसांत उतरायला हवा?

आपत्कालीन_रात्रपाळी:

उष्माघातात आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. उलट नाही. दवाखाना अर्ध्या तासावर असेल तर तोच अर्धा तास मेंदू, आतडी आणि मूत्रपिंडं भाजत असतात. सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगावर सतत ओता आणि पंखा लावा. पाणी वरच्या केसांवरून निथळून जाऊ देऊ नका, बोटांनी केस उलटे करत ते कातडीपर्यंत पोचवा. पोट, काखा, जांघा आधी. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, पाच मिनिटांत तो कोमट होतो आणि आतली उष्णता कोंडतो. टॉवेल वापरायचाच तर अंगाखाली घाला.

तुमच्याकडे हवा कोरडी आहे, तिथे ओलं अंग आणि वारा यांनी झपाट्याने उतार पडतो. मुंबई-कोकणात दमट हवेत बाष्पीभवन मंद असतं. तिथे वाऱ्यापेक्षा वाहत्या पाण्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते. तुमच्याकडेही बंद खोलीत कूलर दिवसभर चालू असेल तर खोलीची हवा दमटच होते. खिडकी उघडी ठेवा.

बर्फाबद्दल: जुन्या शिकवणीत गार पाण्याची फार भीती घातलेली होती. आता जोर 'कुत्र्यापेक्षा गार असलेलं जे पाणी हाताशी आहे ते लगेच वापरा' यावर आहे. तरुण, धडधाकट, शुद्धीवर असलेलं कुत्रं डोकं बाहेर धरून गार पाण्याच्या टबात बसवता येतं. म्हातारं, आजारी किंवा चपट्या नाकाचं असेल तर अंगावर पाणी ओतणं आणि वारा हेच बरं. पंजांना स्पिरिट लावत बसू नका. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.

दर पाच मिनिटांनी ताप बघा आणि १०३.५ ला थांबा. अंग पुसून कोरडं करा. १०१ येईपर्यंत ओतत राहिलात तर पाणी थांबल्यावरही शरीर गार होत राहतं आणि कुत्रं ९७-९८ वर जाऊन पडतं.

पोचल्यावर आकडा १०२ आला म्हणून उष्माघात नव्हता असं समजू नका. मालकाने वाटेत पाणी ओतलेलं असतं. किंवा रक्ताभिसरण इतकं ढासळलेलं असतं की गुदद्वारापर्यंत गरम रक्तच येत नाही. कुत्रं उठून चालायला लागलं तरी पुढचे दोन-तीन दिवस काळी शी, अंगावरचे लाल ठिपके आणि कमी झालेली लघवी यांवर लक्ष ठेवा. रक्त गोठण्याचा बिघाड आणि मूत्रपिंडाचा मार उशिरा दिसतो.

लघुप्राणी_चिकित्सक:

गोचीडतापाबद्दल. एर्लिकिया (गोचिडातून येणारा जिवाणू) असेल तर डॉक्सिसायक्लिनला (किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस, जेवणासोबत) ताप एक-दोन दिवसांत उतरायला लागतो. कुत्रं खायला मागायला लागतं, तीच पहिली खूण. ४८ तासांनीही १०४ तसाच असेल तर डॉक्टरांना कळवा. बहुधा सोबत बबेसिया (गोचिडातूनच येणारा रक्तातला परजीवी) आहे किंवा निदान वेगळं आहे. त्याची बबेसिया गिब्सोनाय ही जात एकट्या डॉक्सिसायक्लिनला जुमानत नाही. म्हणून पहिली गोळी द्यायच्या आधी जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त काढून ठेवणं मोलाचं. नंतर काढलेल्या रक्तात जंतू सापडायची शक्यता घटते. आणि ताप उतरला म्हणून आठव्या दिवशी गोळ्या थांबवू नका.

या सगळ्यात सकाळ-संध्याकाळ त्याच वेळी मोजा. निरोगी जनावराचा तापही पहाटे थोडा कमी आणि संध्याकाळी थोडा जास्त असतो. सोमवारी सकाळचा आकडा आणि मंगळवारी संध्याकाळचा आकडा शेजारी ठेवून 'ताप वाढला' म्हणणं चूक आहे. दाहशामक औषध दिलं असेल तर किती वाजता दिलं, ते आकड्याशेजारी लिहा. तासाभरापूर्वी औषध दिलेल्या कुत्र्याचा १०२ हा औषधाचा असू शकतो, कुत्र्याचा नव्हे.

भूलकक्ष:

'एल' चं उत्तर राहिलं. माणसाचा डिजिटल थर्मामीटर साधारण ९० अंशांच्या खाली वाचतच नाही, 'लो' चं 'एल' दाखवतो. पाऱ्याच्या काचेवर तर खुणाच ९४-९५ पासून असतात. म्हणजे 'एल' आला तर पहिली शंका टोक नीट टेकलंय का ही, आणि दुसऱ्या वेळीही 'एल' आला तर ते जनावर खरंच धोकादायक गार आहे. 'थर्मामीटर बिघडलाय' म्हणून तो खिशात ठेवू नका. शस्त्रक्रिया होणाऱ्या निवाऱ्याने खालपर्यंत वाचणारा, वायरच्या टोकाचा एक तरी तापमापक घ्यावा.

भुलीत पहिल्या तासात ताप सर्वांत वेगाने घसरतो. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोटातली ऊब हातापायांकडे वाटली जाते, म्हणून नंतर गरम करण्यापेक्षा आधीच सांभाळणं सोपं. स्टीलच्या टेबलावर जाड अंथरूण. चारही पंज्यांना जुने मोजे किंवा फुग्यांचं प्लॅस्टिक (बबल रॅप). केस हवे तेवढेच काढा. स्पिरिट अंगावर ओतून भिजवू नका, त्याचं बाष्पीभवन दोन किलोच्या मांजराला फार महाग पडतं. पोट धुवायचं सलाईन अंगाइतकं कोमट असावं.

नंतर दर पंधरा मिनिटांनी ताप घ्या आणि सलग दोन वेळा ९९.५ च्या वर येईपर्यंत जनावराला पिंजऱ्यात एकटं सोडू नका. ९६ वर असलेलं कुत्रं जागं व्हायला वेळ घेतं, कारण औषधं शरीराबाहेर टाकण्याचं काम थंडीत मंदावतं. त्याच्या हिरड्या आणि नाडी बघा. गार, मंद नाडीचं, फिकट हिरड्यांचं मांजर हे झोपलेलं मांजर नाही. मांजराच्या शॉकचं (रक्ताभिसरण कोसळण्याचं) चित्र असंच असतं.

गरम पाण्याची बाटली कातडीला थेट लावू नका. जनावर बेशुद्ध असतं, बाजूला सरकू शकत नाही. भाजलेलं लगेच दिसत नाही, काही दिवसांनी कातडी काळी पडून सुटते. बाटली टॉवेलात गुंडाळा, छाती-पोटाजवळ ठेवा, पायांजवळ नाही. कोमट झालेली बाटली काढून घ्या, ती आता उलट ऊब ओढून घेते.

आणि उलटंही होतं. केटामाइन हे भुलीचं औषध किंवा ओपिऑइड गटातलं वेदनाशामक दिलेलं मांजर शस्त्रक्रियेनंतर दोन-चार तासांत १०४ च्या पुढे जाऊ शकतं. ते जंतूंमुळे नसतं. उबेचा पॅड काढा, हवा खेळती ठेवा, तासाभराने मोजा. यावर प्रतिजैविक वाढवायची गरज नसते.

ओपीडी_परिचर:

पिल्लांचं कोष्टक वेगळं ठेवा. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ हेच त्यांचं बरोबर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००. महिन्याच्या आसपास ती मोठ्यांच्या पट्ट्याजवळ येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना थरथरून ऊब निर्माण करता येत नाही, म्हणून खोकं ८६ ते ९० अंशांवर ठेवा आणि एक कोपरा कमी गरम असू द्या, म्हणजे त्यांना सरकता येईल. ९४ च्या खाली गेलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. त्याची आतडी थांबलेली असतात, दूध पोटात फुगतं नाहीतर श्वासनलिकेत जातं. आधी दोन-तीन तासांत हळूहळू ऊब, बोट तोंडात दिल्यावर चोखायला लागलं की मग दूध.

गाभण कुत्री असेल तर शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजा. ९९ च्या खाली उतरलं की साधारण १२ ते २४ तासांत ती व्यायला लागते. दिवसातून एकदाच मोजलंत तर हा उतार निसटतो. उतार दिसून २४ तास गेले आणि काहीच हालचाल नाही, तर डॉक्टरांना फोन करा.

निवारा_मदतनीस (विदर्भ):

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीवर लावायच्या तक्त्याचे रकाने असे ठरवलेत: तारीख-वेळ, जनावर, ताप, जागा (गुदद्वार / काख), मोजण्याआधी काय चाललं होतं (झोप / झटापट / ऊन / शस्त्रक्रिया), शेवटचं औषध किती वाजता, आणि शेवटी 'ताप आहे / नाही / उतरला'.

लघुप्राणी_चिकित्सक:

शेवटचा रकाना काढा. त्या जागी 'हिरड्यांचा रंग' आणि 'हिरडी दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परत येतो' हे लिहा. पार्व्होचं पिल्लू काल १०४.५ आणि आज ९८.५ असेल, तर तुमच्या तक्त्यात कोणीतरी 'उतरला' लिहील आणि फोन होणार नाही. हिरड्या पांढुरक्या आणि रंग यायला तीन सेकंद लागत असतील तर ते पिल्लू बरं होत नाहीये, त्याचं रक्ताभिसरण कोसळतंय. त्या आकड्याला १०५ पेक्षा आधी फोन यायला हवा. तक्त्याखाली लाल अक्षरांत दोन ओळी लिहा: '१०४ च्या वर फोन. प्रौढ जनावर किंवा महिन्यावरचं पिल्लू ९९ च्या खाली, तर लगेच फोन.' शस्त्रक्रियेनंतरची आणि गाभण जनावरं वगळून, कारण त्यांचे नियम वर वेगळे दिलेत.

निवारा_मदतनीस (विदर्भ):

रकाना बदलला. पिल्लांचा तक्ता वेगळ्या कागदावर, खोक्याशेजारी लावतोय. पार्व्होच्या थर्मामीटरला लाल पट्टी लावून झाली.